कुत्रा-मांजर परदेशी न्यायचंय? विमानाच्या तिकिटाआधी चार महिने तयारीला लागा

बेळगाव : मुलाला जर्मनीत नोकरी लागली, सून-नातवंडं निघाली, व्हिसा आला, तिकिटं झाली. मग कुणीतरी विचारतं, 'आणि बंड्याचं काय?' आमच्या मावशीच्या घरी टिळकवाडीत हेच झालं. बंड्या म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी कुत्रा, वय सहा वर्षं. मावसबहिणीची तिकिटं ऑगस्टची होती आणि चौकशी सुरू झाली जुलैत. बंड्याला रेबीजची लस दरवर्षी वेळेवर दिलेली होती, त्यामुळे कागद तयारच आहेत असं सगळ्यांना वाटलं. पण त्याच्या अंगात मायक्रोचिप नव्हती. चिप बसवण्याआधी दिलेली लस युरोपात मोजलीच जात नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. बहीण मुलांना घेऊन ऑगस्टमध्ये गेली, बंड्या मागे राहिला. पहिला महिनाभर तो संध्याकाळी फाटकापाशी बसायचा, नीट जेवायचा नाही. नोव्हेंबरमध्ये त्याला न्यायला जावयांना पुन्हा यावं लागलं. एक जादा तिकीट गेलं आणि तीन महिन्यांचा जिवाला घोर लागला.

हा लेख लिहायचं कारण तेच. सीमाभागातून, गोव्यातून, तसंच इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतून परदेशी जाणाऱ्यांची संख्या कमी नाही आणि घरातला प्राणी आता घरचाच माणूस झालाय. नियम अवघड नाहीत. पण त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की महिने वाया जातात.

क्रम पाठ करा : चिप, लस, रक्त, थांबा

पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेच्या मागे कातडीखाली सुईनं बसवतात. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकाची, १५ आकडी क्रमांकाची असावी. चिप बसवल्यावर डॉक्टरांना यंत्रानं वाचून दाखवायला सांगा आणि क्रमांक लसीच्या पुस्तकात तारखेसह लिहून घ्या.

दुसरी पायरी रेबीजच्या लसीची. ही चिपनंतर द्यायची, त्याच दिवशी दिली तरी चालते. पिल्लू निदान १२ आठवड्यांचं हवं. पुस्तकात लसीचं नाव, बॅच क्रमांकाचं लेबल, दिल्याची तारीख, कधीपर्यंत लागू ती तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक एवढं सगळं हवं. यातलं एक जरी राहिलं तरी पुढे कागद अडतो.

तिसरी पायरी रक्ताची. भारतात रेबीज असल्यानं बहुतेक देश लसीच्या दाखल्यावर समाधान मानत नाहीत. अंगात प्रतिकारशक्ती खरोखर तयार झाली का, हे रक्त तपासून बघतात. याला टायटर टेस्ट म्हणतात. निकाल ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त यायला हवा. तपासणी कुठल्याही लॅबमध्ये चालत नाही. ज्या देशात जायचं, त्या देशानं मान्य केलेल्या यादीतलीच लॅब लागते. म्हणून रक्त काढण्याआधीच यादी बघा आणि नमुना कसा पाठवायचा ते त्या लॅबला विचारा.

चौथी पायरी थांबण्याची. निकाल चांगला आला म्हणून लगेच निघता येत नाही. युरोप आणि ब्रिटनसाठी रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं.

तारखांचा हिशेब

आम्ही कॉमर्सवाले, तारखा मांडल्याशिवाय आम्हाला कळत नाही. जर्मनीला जायचं आहे असं धरून मांडणी करू.

- १ जून : चिप बसवली, त्याच दिवशी नंतर रेबीजची लस.
- १ जुलै किंवा नंतर : रक्त काढणं. लसीनंतर किमान ३० दिवस जायला हवेत. समजा ५ जुलैला काढलं.
- ५ ऑक्टोबर : तीन महिने पूर्ण. यानंतर प्रवास करता येतो.
- निघण्याआधीचे शेवटचे दिवस : सरकारी आरोग्य दाखला. युरोपात पोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतलाच लागतो.

म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने जातात. पिल्लू असेल तर १२ आठवड्यांचं होईपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे साधारण सात महिन्यांच्या आतलं पिल्लू भारतातून युरोपात नेताच येत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टायटरचा निकाल एकदा चांगला आला आणि पुढचे बूस्टर वेळेवर देत गेलात, तर युरोपसाठी ती तपासणी पुन्हा करावी लागत नाही. पण बूस्टरची तारीख ओलांडली तर लस, रक्त आणि तीन महिने हे सगळं पुन्हा आलं. तेव्हा परदेशी जायचं नक्की नसलं, नुसता विचार असला, तरी चिप आणि टायटर आत्ताच करून ठेवा. खर्च फुकट जात नाही.

कुठल्या देशाला काय लागतं

*युरोपीय संघ (जर्मनी, नेदरलँड्स, पोर्तुगाल, फ्रान्स वगैरे) :* वर दिलेला क्रम. शिवाय प्राणी आणि मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर ती व्यापारी वाहतूक धरली जाते आणि नियम बदलतात. बंड्यासाठी जावयांना परत यावं लागलं ते यामुळेच. एका मालकाला जास्तीत जास्त पाच प्राणी नेता येतात. फिनलंड, आयर्लंड आणि माल्टा इथे कुत्र्याला पट्टकृमीचं औषधही दिलेलं लागतं. जर्मनीत पिट बुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या जाती आणायला बंदी आहे. गोव्यातून पोर्तुगालला जाणाऱ्यांना घरी नातेवाईक कितीही असले तरी नियम हेच लागतात.

*ब्रिटन :* चिप, लस, रक्त, तीन महिने हे युरोपसारखंच. त्याशिवाय कुत्र्याला पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचं औषध डॉक्टरांनी देऊन तशी वेळेसह नोंद केलेली हवी. विमानानं ब्रिटनमध्ये प्राणी फक्त कार्गोतून जातो. केबिनमध्ये किंवा तुमच्या सामानासोबत नेता येत नाही, मार्गदर्शक कुत्र्यांचा अपवाद सोडून.

*अमेरिका :* १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदलले. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत आहे. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा आणि चिप असलेला हवा. सीडीसी या तिथल्या आरोग्य संस्थेचा ऑनलाईन फॉर्म भरावा लागतो आणि लस व चिपचा ठराविक नमुन्यातला दाखला सरकारी पशुवैद्यानं प्रमाणित केलेला लागतो. सीडीसीनं नोंदणी केलेलं प्राणी निगा केंद्र ज्या विमानतळावर आहे तिथेच उतरता येतं आणि त्या केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. तिथे तपासणी होते, पुन्हा लस दिली जाते. टायटरचा मान्य निकाल हातात नसेल तर २८ दिवस विलगीकरण, तेही मालकाच्या खर्चानं. जवळच्या गावचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि तिथे केंद्रच नाही, असं व्हायला नको. मांजरांना हे सीडीसीचे नियम लागू नाहीत, पण राज्याचे आणि विमान कंपनीचे नियम वेगळे असतात, ते बघावेत.

*कॅनडा :* विक्रीसाठी, दत्तक देण्यासाठी वगैरे नेली जाणारी कुत्री भारतासारख्या देशांतून २८ सप्टेंबर २०२२ पासून बंद आहेत. मालकासोबत जाणाऱ्या घरच्या कुत्र्याला रेबीज लसीच्या योग्य दाखल्यावर प्रवेश मिळतो. मालक स्वतः सोबत असलेला बरा.

*संयुक्त अरब अमिराती :* निघण्याआधी तिथल्या मंत्रालयाचा ऑनलाईन आयात परवाना काढावा लागतो. चिप, लस आणि टायटरही लागतात. पिट बुल, रॉटवायलर, डोबरमन अशा बऱ्याच जातींना बंदी आहे. दुबईत प्राणी कार्गोनं जातो. आखातात भाड्याच्या घरात प्राणी ठेवायला घरमालक परवानगी देतो का, हे आधी विचारून घ्या. परवाना मिळेल आणि घर मिळणार नाही, असंही होतं.

*ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड :* भारतातून थेट नेता येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात प्राण्याला काही महिने ठेवून मग तिथून न्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या सरकारी केंद्रात विलगीकरण असतं. वेळ आणि पैसा दोन्हीची पूर्ण तयारी असेल तरच या वाटेला जा.

नियम मधूनमधून बदलतात. तिकीट काढायच्या आधी एकदा आणि निघायच्या आधी एकदा, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. ओळखीच्या कुणी तीन वर्षांपूर्वी नेलं होतं, त्यावर जाऊ नका.

भारतातला कागद कुठे मिळतो

बाहेर जाताना भारत सरकारचा निर्यात आरोग्य दाखला लागतो. तो केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची ॲनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस ही यंत्रणा देते. बोलताना सगळे एक्यूसीएस म्हणतात. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद ही तिची जुनी केंद्रं. बेळगावकरांना बंगळूर किंवा मुंबई, दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर. बिदर-भालकीकरांना हैदराबाद जवळ, ग्वाल्हेरकरांना दिल्ली, बडोदेकरांना मुंबई. सांबऱ्याहून परदेशी विमान नाही, त्यामुळे इथून कुठेतरी जावंच लागतं. म्हणून विमान जिथून आहे, त्याच शहरातल्या केंद्रातून दाखला घ्यायचा असं ठरवा आणि निदान दोन दिवस आधी तिथे मुक्कामाला जा. प्राणी सोबत ठेवू देणारी राहायची जागा आधी शोधून ठेवा, हे ऐन वेळी जमत नाही.

अर्ज ऑनलाईन करायचा. सोबत लसीचं पुस्तक, नोंदणीकृत पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला, टायटरचा निकाल, मालकाचा पासपोर्ट, तिकीट आणि परदेशाचा परवाना लागत असेल तर तो. प्राणी प्रत्यक्ष दाखवावा लागतो. अधिकारी चिप वाचतात, तब्येत बघतात, मग दाखला मिळतो. युरोप-अमेरिकेचे स्वतःचे छापील नमुने असतात, ते भरून आणि प्रमाणित करून घ्यायचं कामही इथेच करायचं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरूनच तारीख ठरवा.

सीमाभागातल्यांनी नावांकडे नीट बघावं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव रेशन कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असतं. कन्नडमधून इंग्रजीत येताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं. लसीचं पुस्तक इंग्रजीत भरून घ्या आणि मालकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहून घ्या. पुस्तक वडिलांच्या नावावर आणि प्रवास मुलाचा, असं असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या.

विमान आणि पिंजरा

प्राणी तीन प्रकारे जातो. लहान असेल तर काही कंपन्या केबिनमध्ये नेऊ देतात, काही सामानासोबत नेतात आणि बाकी सगळे कार्गोनं. एका विमानात किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा असते. त्यामुळे आपलं तिकीट पक्कं करण्याआधी कंपनीकडून प्राण्याची जागा लेखी पक्की करून घ्या. मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या देशाचेही नियम लागू होऊ शकतात. जमेल तिथे थेट विमान घ्या.

पग, बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा त्रास लवकर होतो. बऱ्याच कंपन्या त्यांना विमानाच्या पोटातून नेत नाहीत आणि उन्हाळ्यात तर नाहीच. इथे आपला लांब तोंडाचा गावठी कुत्रा फायद्यात राहतो.

पिंजरा आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे लागतो. प्राणी आत सरळ उभा राहिला पाहिजे, वळला पाहिजे, पाय पसरून झोपला पाहिजे. माप असं काढा :

- लांबी : नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग.
- रुंदी : खांद्याच्या रुंदीच्या दुप्पट.
- उंची : उभा असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, अधिक खालच्या अंथरुणाची जाडी.

परदेशी प्रवासाला चारही बाजूंनी हवा येणारा पिंजरा हवा. दोन भाग जोडायला प्लास्टिकच्या खिटक्यांऐवजी लोखंडी नट-बोल्ट लावा. पाण्याचं भांडं बाहेरून भरता येईल असं दाराला लावलेलं असावं.

खर्चाचा अंदाज कसा काढायचा

आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो, पण खाती सारखीच असतात : चिप व लस, लॅबची फी आणि नमुना पाठवणं, दाखल्यांची फी, पिंजरा, विमानाचं भाडं, परदेशातलं कस्टम व हाताळणी आणि असल्यास विलगीकरण.

यातला मोठा खर्च भाड्याचा आणि तिथेच लोक फसतात. कार्गोचं भाडं कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर ते ठरतं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं. समजा पिंजरा ९१ × ६४ × ६९ चा आहे. गुणाकार येतो ४,०१,८५६ आणि भागल्यावर सुमारे ६७ किलो. कुत्रा २० किलोचा, पण पैसे ६७ किलोचे. म्हणून पिंजरा नियमापेक्षा लहान घेऊ नका, तसाच उगाच मोठाही घेऊ नका.

हे काम करून देणारे एजंट आहेत. घ्यायला हरकत नाही, पण वरच्या प्रत्येक खात्याचा वेगळा आकडा लिहून मागा. विमान रद्द झालं, कागद नाकारला गेला तर कुणाचे पैसे जातील, तेही लिहून घ्या. 'सगळं मिळून इतके' असं तोंडी सांगणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

प्राण्याची तयारी

कागदाइतकंच हेही महत्त्वाचं आहे. निदान महिनाभर आधी पिंजरा घरात आणा, दार उघडं ठेवा आणि आत खाऊ द्या. आधी पाच मिनिटं, मग तासभर, मग रात्रभर असं वाढवत न्या. पिंजऱ्यात आपणहून झोपणारा कुत्रा विमानातही झोपतो.

आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड फार. गोचीड ताप अंगात लपलेला असू शकतो, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी रक्ताची साधी तपासणी करून घ्या आणि गोचिडांचं, जंतांचं औषध वेळेवर द्या.

प्रवासाच्या दिवशी चार-पाच तास आधी हलकं खाणं द्या. पाणी बंद करू नका. निघण्याआधी चांगलं फिरवून आणा. झोपेचं किंवा गुंगीचं औषध देऊ नका. उंचीवर त्यानं श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो आणि गुंगीतला प्राणी दिसला तर कंपनी घ्यायला नकार देते. आत घरातली जुनी चादर किंवा तुमचा न धुतलेला शर्ट टाका. पिंजऱ्यावर नाव, परदेशातला फोन आणि चिप क्रमांक लिहा. सगळ्या कागदांची एक प्रत पिंजऱ्याला चिकटवा, मूळ कागद हातात ठेवा.

पोपट, कासव असेल तर

पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट आणि तारा कासव हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात ठेवणंच गुन्हा आहे, परदेशी नेण्याचा प्रश्नच येत नाही. आफ्रिकन ग्रेसारखे विदेशी पक्षी सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहेत. त्यांची नोंदणी आणि परवाने वेगळे असतात, वन खात्याशिवाय पुढे जाऊ नका.

परत यायचं असेल तर

नेणं सोपं, आणणं अवघड, असं बरेच सांगतात आणि ते खरं आहे. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाच्या नियमांखाली दोन प्राणी आणता येतात. त्यासाठीही एक्यूसीएसची आगाऊ ना-हरकत आणि तिथल्या सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो. इतरांना परवान्याच्या भानगडी येतात. म्हणून जाताना भारतातून मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवा. प्राणी मूळचा इथलाच, हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.

नेणं जमत नसेल तर

प्राणी खूप म्हातारा आहे, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आहे, किंवा तिथे दिवसभर बंद खोलीत एकटा राहणार आहे, तर न नेणंच बरं. पण मग सोय नीट करा. ज्याच्याकडे ठेवणार त्याच्याकडे महिनाभर आधीपासून जाऊ-येऊ द्या, लसीचं पुस्तक आणि खर्चाचे पैसे त्याच्या हातात द्या. गाडीत घालून गावाबाहेर सोडून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. गुन्हा नसता तरी करू नये.

बंड्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बंगळूरहून गेला. फ्रँकफर्टला चिप वाचली, कागद बघितले आणि तासाभरात सोडलं, असं जावई सांगतात. बहीण बाहेर उभी होती. तिनं पाठवलेल्या व्हिडिओत बंड्या तिच्या अंगावर उड्या मारतोय आणि मागे तिची मुलं ओरडतायत. मावशीनं तो व्हिडिओ अजून मोबाईलमधून काढलेला नाही. ती म्हणते, 'चिपचं आधी कळलं असतं तर सगळी एकदमच गेली असती.'